कोटाचा आतला खिसा

आज काय वाट्टेल ते होवो, सासूबाईंचे आभार मानायचेच, असं मिरचीने सकाळी दात घासतानाच ठरवलं होतं.

मिरची हे नाव तिला सासूबाईंनीच ठेवलं होतं, आणि तेही लग्न होऊन घरात आली त्याच आठवड्यात. उगीच नाही हो. बाई पोस्टात पार्सलच्या खिडकीवर बसायची. त्या खिडकीवर बसणाऱ्याची जीभ मऊ असली तर लोक त्याला कच्चा खातात. तर ही नोकरीवरची जीभ संध्याकाळी खिडकीतच ठेवून यायचं तिला कधी जमलं नाही. आणि सासूबाई काय कमी होत्या? घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं कपडे दुरुस्तीचं दुकान. उसवलेलं शिवायचं, सैल झालेलं आत घ्यायचं, आखूड झालेलं सोडायचं. दिवसभर ओठांत टाचण्या धरून काम करायच्या, आणि टाचण्या काढल्या की त्याहून टोकदार काहीतरी बाहेर पडायचं. दोघींचं रोज वाजायचं. मिठावरून, खिडकी उघडी की बंद यावरून, ओला टॉवेल कुठे टाकायचा यावरून. सकाळचं भांडण ऐकू आलं की शेजारचे मुलांना घेऊन शाळेच्या वाटेला लागायचे.

सगळ्यात जुनं भांडण मात्र कोटाचं. दुकानातल्या खुंटीवर एक तपकिरी कोट लटकलेला असायचा. कुणीतरी बाह्या आखूड करायला टाकून गेला तो परत फिरकलाच नाही. मिरची म्हणायची, "फेका ते धूड, कसर लागेल सगळ्या कपड्यांना." सासूबाई म्हणायच्या, "हात तर लावून बघ!" कारण त्या कोटाचा आतला खिसा म्हणजे त्यांची तिजोरी होती. चष्मा, चाव्या, चांगली कात्री, जे म्हणून हरवायला नको ते त्या खिशात जायचं. हात आपोआप जायचा, डोक्याला विचारायचाही नाही. मग घरभर आरडाओरडा, "माझा चष्मा कुणी घेतला?" आणि मिरची आतूनच ओरडायची, "कोटात बघा!"

असं सगळं सुखाने चाललं होतं, आणि मिरचीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या.

कोण देणार हा प्रश्न आला, तेव्हा नवऱ्याची जुळेना. माहेरचं म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं. सासूबाई एक दिवस "दोरे आणायला जाते" म्हणून बाहेर पडल्या आणि गुपचूप स्वतःची तपासणी करून आल्या. निकाल कळला त्या दिवशी दारात चपला काढता काढता म्हणाल्या, "जुळलं बाई. स्वयंपाकघरात कधी जुळलं नाही, ते दवाखान्यात जुळलं." एवढं बोलून मशीनवर जाऊन बसल्या. कुणाचीतरी पँट द्यायची होती.

ऑपरेशन झालं. दोघी बऱ्या झाल्या. आणि मिरचीची काकडी झाली.

म्हणजे असं, की ज्या बाईने स्वतःचं पोट कापून आपल्याला जगवलं, तिला 'टॉवेल उचला' म्हणायचं कोणत्या तोंडाने? मिरचीच्या तोंडून आता एवढंच निघायचं, हो आई, बरं आई, चालेल आई. मनात मात्र आभाराचा गोळा बसलेला. तो धड गिळताही येईना आणि बाहेरही काढता येईना. घरच्या माणसाचे आभार मानायची आपल्याकडे कुणाला सवय असते? पाणी दिलं तर 'थँक्यू' म्हणत नाही आपण, किडनी दिली तर काय म्हणणार? दवाखान्यात एकदा तिने तोंड उघडलं होतं. सासूबाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "झोप आता." घरी आल्यावर तिने त्यांच्यासाठी भारीतली नवी कात्री आणली. सासूबाई म्हणाल्या, "का, माझी मेली की काय?" आणि कात्री जशीच्या तशी डब्यात बंद. तेव्हापासून मिरची योग्य वेळेची वाट बघत होती. अशी वेळ काय वाट बघून येते?

तर आज सहल. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली होती, मोकळ्या हवेत जा, गर्दीत नको. मिरचीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. गावाबाहेर एक मोठी शिल्पबाग होती, तिथल्या कार्यालयाची लिफ्ट त्याने मध्यंतरी चालू करून दिली होती, आणि तिथल्या साहेबांनी खूश होऊन चौघांचे पास दिले होते. हा नवरा एक वेगळंच प्रकरण. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बोलून बोलून त्याची बोलायची ढबच तशी झाली होती. घरात आग लागली तरी म्हणेल, "घाबरू नका, शांत उभे राहा, मी आलोच." चौथी त्यांची लेक, जिला सगळे भिंगरी म्हणायचे. का ते तिला पाच मिनिटं एका जागी बसवून दाखवा, मग कळेल.

निघताना गोळ्यांची पिशवी सासूबाईंनी ताब्यात घेतली. निळी, आतून दुहेरी अस्तर लावलेली, त्यांनीच शिवलेली. या गोळ्यांचं महत्त्व घरात भिंगरीलाही पाठ होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, शरीराला कळता कामा नये की ही वस्तू परकी आहे. कळलं तर ते तिला बाहेर काढायला उठेल. ते कळू नये म्हणून गोळी, रोज, ठरल्या वेळेला, एकही न चुकवता. "परकी कसली?" सासूबाई तेव्हा डॉक्टरीणबाईंनाच म्हणाल्या होत्या. "इतकी वर्षं एका घरात राहतोय." पण गोळीच्या वेळेला त्या घड्याळापेक्षा पक्क्या. शिवाय औषध उन्हात तापू द्यायचं नाही असं सांगितलेलं, म्हणून पिशवी सामानात न टाकता हातातच धरून बसल्या. आजची सकाळची गोळी दहाला, म्हणजे बागेतच घ्यायची होती.

बाग छान होती हं. लांबच लांब हिरवळ, मधून खडीच्या वाटा, आणि जिथे तिथे काहीतरी उभं. कुठे गंजलेल्या लोखंडाचे पत्रे एकमेकांना टेकवलेले. कुठे दगडी शिंपला, एवढा मोठा की भिंगरी आत मावली असती. मावली असती काय, गेलीच होती, बापाने पाय धरून बाहेर काढली. प्रत्येकासमोर पाटी, कृपया हात लावू नये. सासूबाई प्रत्येक मूर्तीसमोर थांबून, मान तिरकी करून, गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तसं बघत होत्या.

एका बिनडोक्याच्या संगमरवरी बाईसमोर त्या म्हणाल्या, "हिचा डावा खांदा उतरलाय. हिला ब्लाउज शिवायचा तर मला रडवेल ही."

"हो आई," मिरची म्हणाली.

"काय हो आई? उतरलाय का तो खांदा?"

"तुम्ही म्हणताय म्हणजे उतरलाच असेल."

सासूबाईंनी तिच्याकडे असं बघितलं, जसं काही तिनेच तो खांदा उतरवला होता. मिरचीला कळेना आपलं काय चुकलं.

पुढे एका डेरेदार झाडाच्या गार सावलीत कोट होते. काशाचे, पुरे माणसाएवढे, पण आत माणूसच नाही. एका रांगेत नुसते रिकामे कोट उभे, कुणी गुंड्या लावलेला, कुणी उघडा, जसे काही बसची वाट बघतायत. आता कपडे दुरुस्त करणाऱ्या बाईला हे दाखवल्यावर ती पुढे जाईल होय? सासूबाई तिथेच रमल्या. एकेका कोटाभोवती फिरून बघू लागल्या.

"काजंच केली नाहीत!" त्या ओरडल्या. "अरे गुंड्या आहेत, काजं कुठायत? लावायचा कसा हा कोट?" मग एका उघड्या कोटाच्या आत डोकं घालून, "पण अस्तर बघ काय केलंय! टाके दिसतायत टाके!" पाटी असली म्हणून काय, त्यांचा हात कोपरापर्यंत आत गेलेला होता.

मिरचीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. आई, मला तुम्हाला काही सांगायचंय. नको, हे सिनेमातल्यासारखं वाटतं. आई, तुम्ही माझ्यासाठी जे केलंत. अंहं, हे निरोपसमारंभासारखं. पार्सलच्या खिडकीवर दिवसाला शंभर माणसं झोडपणारी ही बाई, पण दोन शब्द सापडत नव्हते तिला.

तळ्याकाठी बाकं होती. लिफ्टवाला लेकीला घेऊन बदकं बघायला गेला आणि दोघीच उरल्या. मिरचीने घसा साफ केला.

"आई, मला ना तुमच्याशी..."

"सर्दी झालीये का तुला?"

"नाही. मला म्हणायचं होतं, की तुम्ही..."

"मग खाकरतेस काय? ऊन लागतंय तुला, टोपी घाल," म्हणत सासूबाई उठल्याच. "ही माणसं कुठे गेली बघते." आणि गेल्या. मिरचीचं वाक्य राहिलं बाकावर.

तेवढ्यात तिच्या फोनचा गजर वाजला. गोळीची वेळ.

सासूबाई वळल्या. त्यांनी आधी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग डाव्या. मग सामानाची पिशवी उघडली, बंद केली, परत उघडली.

"पिशवी," त्या म्हणाल्या. "निळी पिशवी."

मग जी शोधाशोध सुरू झाली, ती काय विचारता. डबे बाहेर काढले, टॉवेल झटकले. लिफ्टवाला गाडीपर्यंत धावत गेला आणि सीटखाली डोकं घालून आला. भिंगरी शिंपल्यात शिरून बघून आली. नळापाशी, तिकिटाच्या खिडकीपाशी, बाकांखाली, कुठे कुठे म्हणून नाही पाहिलं. परत घरी जाऊन दुसऱ्या गोळ्या आणाव्या तर निम्मा दिवस जाणार, आणि दवाखान्याची ती औषधं कुठल्याही दुकानात मिळत नव्हती.

"घाबरू नका," लिफ्टवाला म्हणाला, "शांत राहा, मार्ग निघतोय." पण त्याचं कपाळ घामाने भिजलं होतं.

सासूबाई एका दगडावर जाऊन बसल्या. तो दगडही बहुधा मूर्तीच होती, पण कुणाला सांगायची हिंमत नव्हती. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. ऑपरेशनच्या दिवशी, खोलीतून नेताना सगळ्यांना हात करत गेलेली ही बाई, पण आज सामानाची रिकामी पिशवी पुन्हा पुन्हा उलटी करून झटकत होती.

"मी घालवली," त्या म्हणाल्या. "डोकं ठिकाणावर नाही माझं. म्हातारी झाले मी."

मिरची त्यांच्याजवळ गेली. भीती तिलाही वाटत होती. पण तोंडातून तेच गोड निघालं. "असू दे आई. काही होत नाही आई."

"असू दे?" सासूबाईंनी मान वर केली. "काय असू दे? तुझा जीव आहे त्याच्यात!"

"तुमची काही चूक नाही आई."

"चूक माझीच आहे! मीच धरून बसले होते, मीच हरवली! आणि तू मला काय पोथी वाचल्यासारखी समजूत घालतेस? ओरड ना! दुसऱ्या कुणी हरवली असती तर त्याला उभा सोलला असतास!"

"आई, तुम्ही शांत व्हा, मी खरंच तुम्हाला काही..."

"मला मेलीला कुणी दोन शब्द सुनवावेत, एवढी पण लायकी राहिली नाही का माझी?"

झालं. इतक्या महिन्यांचं झाकण उडालं.

"बोलू? बोलू का?" मिरची एवढ्या मोठ्याने ओरडली की तळ्यातली बदकं पलीकडच्या काठाला गेली. "मग ऐका! वस्तू ठेवायची एक जागा नाही तुमची! हातात असेल ते कुठेही कोंबायचं आणि मग अख्ख्या घराला नाचवायचं! गोळी माझी, पिशवी माझी, ती माझ्याकडे द्यायला काय होत होतं? पण नाही! सगळं यांच्याच मुठीत पाहिजे! किडनी सुद्धा..."

ती थांबली. जीभ चावली तिने.

"हं, बोल की," सासूबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या गालांवर रंग आला होता. "किडनी कुणाची?"

"माझी!" मिरची म्हणाली. "दिलीत ना? मग आता माझी आहे ती! माझ्या पोटात आहे!"

"मग सांभाळ की!"

"सांभाळतेच आहे! तुम्ही सांभाळू द्याल तर ना! आज पिशवी, काल चष्मा, परवा कात्री! अर्धं आयुष्य गेलं माझं तुमच्या वस्तू शोधण्यात! आणि दर वेळी सापडतं कुठे, तर त्या मेल्या कोटा..."

शब्द अर्धाच राहिला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या. "खिसा होता गं त्याला. आतून. खरा खिसा."

निघाल्या दोघी. पुढे भिंगरी वाऱ्यासारखी, मागे लिफ्टवाला डबे गोळा करत, आणि मधे या दोघी, एक पोटाला हात लावून, दुसरी कमरेला, धावायची दोघींना मनाई म्हणून भराभर चालत आणि चालता चालता भांडत.

"सावली बघून ठेवली असेल मी. औषध तापू नये म्हणून."

"औषध तापू नये म्हणून! आणि माझं डोकं तापलेलं चालतं!"

त्या उघड्या कोटापाशी पोचून मिरचीने आत हात घातला, आणि मागून आवाज आला, "ओ ताई! मूर्तीला हात लावायचा नाही. पाटी वाचली नाही का?" बागेचा रखवालदार होता, शिट्टी गळ्यात, काठी हातात.

मिरची वळली. लिफ्टवाल्याने डोळेच मिटून घेतले.

"पाटी वाचली," ती म्हणाली. "यात माझं औषध अडकलंय. तुम्ही काढताय की मी काढू? तुम्ही काढणार असाल तर लवकर काढा, मागे रांग आहे."

रखवालदाराने मागे बघितलं. मागे एक म्हातारी बाई, एक घामेजलेला माणूस आणि एका पायावर नाचणारी मुलगी, एवढीच रांग होती. पण आवाज असा होता की त्याने मान डोलावली. "काढा, काढा."

काशाचा खिसा आतून गार होता, माठासारखा. मिरचीच्या बोटांना आधी सुकी पानं लागली, मग कुणाची तरी केसांची पिन, आणि मग कापड. निळं, दुहेरी अस्तराचं.

ती गोळी तिने तिथेच, कोटांच्या रांगेत उभं राहून घेतली. फार उशीर झाला नव्हता. लिफ्टवाल्याने पाण्याची बाटली पुढे केली आणि म्हणाला, "दार उघडलं." एवढंच म्हणाला, आणि झाडाच्या मागे जाऊन उगाच खोड बघत उभा राहिला.

सासूबाई गवतावर बसल्या होत्या. खांदे हलत होते. मिरची घाबरून खाली वाकली. बघते तर बाई हसत होत्या. हसत होत्या आणि रुमालाने डोळेही पुसत होत्या.

"आली गं बाई एकदाची," त्या म्हणाल्या.

"पिशवी?"

"पिशवी नाही गं. तू. अगं, इतके महिने मी कुणाबरोबर राहतेय तेच मला कळेना. हो आई, बरं आई, चालेल आई. चहात साखर कमी आहे म्हटलं मुद्दाम, तर मुकाट्याने दुसरा करून आणलास. ओला टॉवेल तुझ्या खुर्चीवर टाकला, तर घडी घालून ठेवलास! मला वाटलं, पोट उघडलं तेव्हा चुकून जीभच कापून घेतली की काय हिची. मघाशी त्या बाईचा खांदा उतरलेला नव्हता. चांगला सरळ होता. मला वाटलं, निदान 'डोळे तपासून घ्या' म्हणशील."

मिरची त्यांच्या शेजारी बसली. इतके दिवस जुळवलेली वाक्यं सगळी पळून गेली होती, आणि आता त्यांची गरजही वाटत नव्हती.

"आई, मला तुमचे आभार मानू द्या," ती म्हणाली. "उठून जाऊ नका. विषय बदलू नका. एकदाच मानते, मग नाही."

सासूबाईंनी रुमालाची घडी केली, उलगडली, परत केली.

"मान," त्या म्हणाल्या.

"मला पाणी पिता येतं आई," मिरची म्हणाली. "किडन्या गेल्या तेव्हा घोट घोट मोजून प्यायची मी, रात्री नळाचा आवाज ऐकला तरी रडू यायचं. आता ग्लासच्या ग्लास पिते. पाणी पिताना दर वेळी तुम्ही आठवता. भिंगरीची वेणी घालताना आठवता. ही वेणी मी घालतेय, दुसरं कुणी नाही, ते तुमच्यामुळे. मी तुमची फार, फार..." आणि पुढचं काही तिला बोलता येईना. ती रडली. छान, मोकळी, नाक ओढत रडली. सासूबाईंनी तो घडी केलेला रुमाल तिच्या हातात कोंबला.

"झालं?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"झालं."

"आता माझं ऐक. मी काही मखरात बसायला दिली नाही ती. मला मखरात बसवलंस तर मी मरेन कंटाळून. मी माझ्या मतलबासाठी दिली. तू आजारी पडलीस ना, तेव्हा तुझा आवाजच बंद झाला होता. घर असं शांत, असं शांत, की मला माझ्या मशीनचा आवाज सहन होईना. रात्री पडल्या पडल्या वाटायचं, ही गेली तर मी भांडू कुणाशी? याच्याशी?" त्यांनी झाडामागच्या लेकाकडे बोट दाखवलं. "हा मला म्हणेल, घाबरू नका, शांत उभ्या राहा! मला नाही उभं राहायचं शांत. मला तू हवी होतीस. माझ्यासमोर, कमरेवर हात ठेवून, कोट फेका म्हणणारी. त्यासाठी दिली. आणि तू तीच बाई घेऊन पळालीस!"

मिरचीला एकाच वेळी हसूही येत होतं आणि रडूही. तिने सासूबाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं. सासूबाईंनी ते राहू दिलं. मग म्हणाल्या, "घामाने चिकट झालीये नुसती, हो बाजूला." तरी हलल्या मात्र नाहीत.

रखवालदार अजून तिथेच घुटमळत होता. त्याला वाटलं असावं की औषध घेऊन बाईची तब्येत बिघडली. भिंगरीने त्याला समजावलं, "काका, तुम्ही जा. आमच्याकडे असंच असतं. आधी असंच असायचं." मग तिने त्याला कोटाच्या खिशातली पिन दाखवून विचारलं, ही मी घेऊ का. तो म्हणाला, घे.

डबे झाडाखाली उघडले. ब्रेड, उकडलेली अंडी, काकडी, सगळं बिनमिठाचं. घरात आता सगळ्यांचंच बिनमिठाचं व्हायचं. मिरचीला एकटीला वेगळं वाढलेलं दिसू नये म्हणून सासूबाईंनीच तसं सुरू केलं होतं, आणि कुणी कधी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. मिरचीने आज एक घास घेतला आणि डबा खाली ठेवला.

"आई, स्पष्ट बोलू? ही अंडी म्हणजे नुसता खडू आहे."

"मग कर की उद्यापासून तू!"

"करतेच. आणि तुम्ही तिघं मीठ घालून खाणार आहात. माझ्यासाठी अळणी खाऊन कुणी उपकार करू नका."

"बघा, बघा, तोंड बघा हिचं!" सासूबाई म्हणाल्या आणि इतक्या खूश झाल्या की दोन अंडी जास्त खाल्ली, खडूची. लिफ्टवाला एकदा बायकोकडे बघत होता, एकदा आईकडे, आणि जेवायचं विसरला होता. नशीब म्हणायचं आपलं, असं त्याच्या मनात आलं. मोठ्याने नाही म्हणाला, दोघींनी मिळून त्यालाच धरलं असतं.

परतीच्या वाटेवर गाडीची खिडकी उघडी की बंद, यावरून अर्धा रस्ता गेला. भिंगरी दोघींच्या मधे बसून शांत झोपली. इतक्या महिन्यांत ती अशी झोपली नव्हती.

घरी पोचल्यावर सासूबाई दुकानात जाऊन टेकल्या, पाय वर घेऊन. मिरचीने दिवा लावला. खुंटीवर तो तपकिरी कोट होता, खांद्यावर धूळ, एक बाही दुमडलेली. मग तिने हातातली निळी पिशवी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि वरून एकदा चापटी मारली. रात्रीच्या गोळीला शोधायला नको.

"उद्या मी हा कोट फेकून देणार आहे," ती म्हणाली.

सासूबाईंचे डोळे मिटलेले होते. ते न उघडताच त्या म्हणाल्या, "हात तर लावून बघ."